आलो म्हणेल त्याची खाट

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं कुणी म्हटलं त्यानं जुनं घर विकत घेऊन दुरुस्त केलेलं नसणार. नवं घर बांधताना भिंतीच्या आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं, कारण ते आपणच घातलेलं असतं. जुन्या घरात ते भिंत खरवडल्यावर कळतं, आणि तोवर कागदावर सह्या झालेल्या असतात.

मामांचंही तसंच झालं. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत हं. मोठ्या हॉस्पिटलात ते बावीस वर्षं वॉर्डबॉय होते, आणि वॉर्डबॉयला सगळे पेशंट मामाच म्हणतात, मग पेशंट वयानं त्यांचा आजोबा का असेना. त्यांची आई त्याच हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. त्यामुळे आई मावशी, मुलगा मामा, आणि सून बिचारी हॉस्पिटलची पायरी न चढताही मामी. नात्यांचा हा घोळ सांगून मामा नवख्या नर्सेसना हसवायचे.

त्यांच्या वॉर्डाचे दोन नियम होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा पक्के. बेल वाजली की जो पहिल्यांदा ‘आलो’ म्हणेल त्याची ती खाट. ड्यूटी संपेपर्यंत त्या माणसाचं पाणी, पांघरूण, मलमूत्र, रडणं, सगळं त्याच्या गळ्यात. आणि दुसरा नियम असा, की ड्यूटी संपली तरी न सांगता जायचं नाही. पुढच्या माणसाला रिपोर्ट द्यायचा, खांद्यावरचा नॅपकिन त्याच्या हातात द्यायचा, मगच घराकडे पाऊल टाकायचं. एक पोरगी एकदा तशीच निघून गेली होती, तिला मावशीनं दुसऱ्या दिवशी सबंध वॉर्डासमोर फैलावर घेतलं होतं.

मावशीचा आणखी एक नियम होता, तो तिचा एकटीचा. नॅपकिन देण्याआधी ती समोरचीला दोन प्रश्न विचारायची. जेवलीस का? झोप झाली का? उत्तर ‘नाही’ आलं की ही बाई नॅपकिन परत आपल्या खांद्यावर टाकायची आणि पुढची ड्यूटीही स्वतःच ओढायची. म्हणायची, उपाशी माणसाच्या हाती पेशंट देऊ नये, दोघांचेही हाल होतात. अशा किती दुहेरी ड्यूट्या तिनं केल्या याला गणती नाही. मामांचं लहानपण शेजारणीच्या अंथरुणात गेलं ते त्यामुळेच. निवृत्त झाली त्या दिवशी तिनं आपला निळ्या काठाचा नॅपकिन मुलाच्या खांद्यावर टाकला, आणि अर्थातच आधी विचारलं, जेवलास का रे?

तर अशी ही आई दम्यानं आडवी झाली. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, फुप्फुसं थकली आहेत, सहा महिने म्हणजे डोक्यावरून पाणी. घरी ठेवा, तिला काय हवं-नको ते बघा. मामांनी घरी येऊन आईला विचारलं, तुला काय हवंय? उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाची परवानगी, आणि ती बहुधा मिळायची नाही. आई म्हणाली, एक खिळा ठोकायचाय, कुणाला न विचारता.

मामांना ते लागलं. त्यांनी महिन्याभरात घर घेतलं.

गावाच्या टोकाला, लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत शेवटचं बैठं कौलारू घर. पुढे एक खोली, मग स्वयंपाकघर, मग अंधारा बोळ आणि बोळाच्या शेवटी मागची खोली. नऊ वर्षं बंद. मूळ मालक वारलेला, विकणारा त्याचा पुतण्या. सह्या करून चावी देताना तो घराच्या फाटकाच्या आत आला नाही, मोटारीला टेकून उभा राहिला. इतकं स्वस्त का, हे पहिल्यांदा घर घेणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. चावी हातात पडली की तो हवेत असतो. मामांनी तर त्या दिवशी चावी उशाखाली घेऊन झोप काढली, मामींनी कितीही टिंगल केली तरी.

सकाळची ड्यूटी दोनला सुटायची. तिथून मामा सरळ घरावर यायचे आणि दिवेलागणीपर्यंत काम करायचे. जोडीला एक मिस्त्री होता. कानावर पेन्सिल, तोंडात मोजके शब्द. कौलं उतरवून परत बसवली, वाळवी खाल्लेल्या दोन चौकटी बदलल्या, स्वयंपाकघराची ओल धरलेली भिंत विटेपर्यंत सोलली. मागची खोली मात्र नशिबानं कोरडी निघाली. पूर्वेला मोठी खिडकी, सकाळचं ऊन थेट आत. मामांनी तिथेच ठरवलं, की आईची खोली ही.

त्या खोलीत एक लोखंडी खाट तेवढी राहिलेली होती. तिच्या डोक्याशी, भिंतीतून निघालेल्या एका तारेला भोवऱ्याएवढी लाकडी मूठ लटकत होती. तार भिंतीच्या पोटातून पार स्वयंपाकघरात गेली होती, आणि तिथे दाराच्या वर तिला पितळी घंटी बांधलेली होती. कुणीतरी हुशार माणसानं केलेलं काम. खाटेवरच्यानं मूठ ओढली की स्वयंपाकघरात घंटी वाजावी.

मिस्त्रीनं स्वयंपाकघराच्या बाजूनं तार ओढून पाहिली. हातभर तार सुळकन बाहेर आली, टोकाला गंजून झिजलेली. भिंतीत कुठेतरी तुटली होती. काढून टाकू का, त्यानं विचारलं. मामा नको म्हणाले. त्यांच्या मनात वेगळंच आलं होतं. तीस वर्षं आईनं दुसऱ्यांची बेल ऐकली, बेल वाजली की जेवणावरून उठली. आता नवी तार घालू. आता ती आडवी पडून मूठ ओढेल आणि उठून दुसरं कुणी जाईल. हे त्यांनी मिस्त्रीला सांगितलं नाही, त्याला तो येडेपणा वाटला असता. पण त्या विचारानं मामांना भरून आलं, आणि भिंतीकडे तोंड करून ते उगाच खरवडत राहिले.

मिस्त्री न येण्याचा एक दिवस होता. दुपारचे चार वाजले असतील. मामा स्टुलावर उभं राहून स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भेगांत लोखंडी पत्तीनं लांबी भरत होते. वखारीतला कटर बंद होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मनात हिशेब चालला होता, की खिडकीला जाळी आधी बसवावी का रंगानंतर. आणि डोक्यावरची घंटी वाजली.

‘आलो!’ मामा म्हणाले, आणि स्टुलावरून उतरलेसुद्धा.

बावीस वर्षांची सवय ती. झोपेतसुद्धा तोंडातून निघायचं. हातातली पत्ती टेकवून, नॅपकिनला हात पुसत ते बोळाच्या मधोमध पोचले, आणि तिथे त्यांचे पाय थांबले. घरात कोण होतं? आणि तार तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तुटलेली पाहिली होती.

बोळात वास येत होता. मामांच्या ओळखीचा वास, नाकाला चुकणारच नाही असा. दिवसेंदिवस एका कुशीवर पडून राहिलेल्या माणसाचा. त्यांनी दार ढकललं. खोलीत ऊन नव्हतं, खाट रिकामी होती, धूळ जिथल्या तिथे होती. फक्त ती लाकडी मूठ हळूहळू झुलत होती. मामा ती थांबेपर्यंत बघत राहिले. मग दार ओढून घेतलं, सामान तसंच टाकलं आणि घर बंद करून निघाले. फाटकाशी पोचेपर्यंत मागे घंटी पुन्हा वाजायला लागली होती.

मामा भित्रे नव्हते. मेलेल्या माणसांना त्यांनी लहान मुलांना घालावेत तसे कपडे घातले होते. दुसऱ्या दिवशी ते परत आले. पण त्या दिवसापासून त्यांचं काम पुढे सरकेना. चारच्या सुमाराला घंटी वाजायची. न जावं म्हटलं तर वाजतच राहायची, आणि बेल वाजत असताना बसून राहणं हे त्यांच्या हाडात नव्हतं. एकदा पाण्याचा पेला नेऊन खाटेखाली ठेवला, तेव्हा ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पेला अर्धा होता. चिमणी आली असेल, मामांनी स्वतःला समजावलं. खिडकी तर बंद होती. त्यांनी घंटी स्क्रूसकट काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली. तरी ती दाराच्या वरूनच वाजली, जिथे आता नुसती चार भोकं होती. मिस्त्री हजर असताना वाजली तेव्हा तो खाली बसून शांतपणे सिमेंट कालवत राहिला. त्याला काही ऐकू आलंच नव्हतं. मामी डबा घेऊन आल्या, त्यांनाही नाही. ज्यानं ‘आलो’ म्हटलं होतं त्यालाच ती ऐकू येत होती.

मामा घरी उशिरा जायला लागले. जेवण कमी झालं, डोळे खोल गेले. निघायला लागलं की घंटी अशी वाजायची की पाय निघायचा नाही. एका संध्याकाळी ते असेच खाटेशेजारी पालथ्या बादलीवर बसून राहिले. नुसते सोबतीला बसल्यासारखे. घरी पोचले तर दारात शेजारपाजारचे जमलेले. आईला दम लागला होता, ओठ निळे पडले होते. मामींनी एकटीनं धावाधाव करून ऑक्सिजन लावला होता. आईनं मास्क बाजूला करून विचारलं, कुठे होतास रे? सख्खी आई श्वासासाठी तडफडत होती आणि ते परक्या रिकाम्या खाटेला सोबत करत बसले होते. त्या रात्री ते न्हाणीघरात नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरचं दार वाजवलं. समोर एक निवृत्त पोस्टमन एकटे राहायचे. मामांनी गल्लीत पाहिलं की हात करायचे, पण रस्ता ओलांडून कधी आले नव्हते. घरात कोण होतं, असं विचारताच पोस्टमनांनी रेडिओ बंद केला.

घड्याळजी होता, ते म्हणाले. घड्याळं दुरुस्त करायचा, एकटा जीव. पुढे कमरेखालचं अंग गेलं. ती घंटी त्यानं पडल्या पडल्या कुणाकडून तरी बसवून घेतली. पुतण्यानं एक बाई ठेवली होती त्याचं करायला. घंटी वाजली की ती ओरडायची, ‘आले’. इथपर्यंत ऐकू यायचं.

‘मग?’

‘एका दुपारी गेली ती. कुणाला सांगून नाही, काही नाही. पुढून कुलूप घालून गेली...’ पोस्टमन आपल्या हातांकडे बघत होते. ‘तीन दिवस वाजत होती घंटी. मला वाटलं, बाई आहे आत. चौथ्या दिवशी थांबली.’

मग पोस्टमन पुढे म्हणाले, ‘मी रेडिओ मोठा केला होता, मामा. दुपारची झोप मोडायची ना.’

मामा घरी परतले ते जड पायांनी. आता त्यांना सगळं लख्ख कळलं होतं, आणि कळून उपयोग शून्य. न सांगता गेलेल्या माणसाची खाट त्यांनी घेतली होती. त्या ड्यूटीला सुटी नव्हती, कारण नॅपकिन घ्यायला पुढचा माणूसच यायचा नव्हता. घर विकावं, तर आईचा खिळा राहिला. आणि तिच्याजवळ दिवस किती उरलेत, हे त्यांना रोज तिच्या पायांवरची सूज बघून कळत होतं.

शेवटी घर कसंबसं तयार करून आईला आणली. तिला पुढच्या खोलीत ठेवली. मागच्या खोलीला मामांनी कडी घातली आणि सांगितलं, रंग ओला आहे. आईनं मान डोलावली. तिनं हातोडी मागितली, खिळा मागितला, पण ठोकला नाही. उशाशी ठेवून दिला. म्हणाली, घर नीट बघते आधी.

तीन दिवस ती बघत होती. तिची तब्येत ढासळली होती, नजर नव्हती ढासळली. चौथ्या दिवशी चार वाजता मामा तिला औषध देत होते. घंटी वाजली. मामांनी ओठ घट्ट मिटले, पण घशातून अर्धवट ‘आ...’ निघालाच.

आईनं त्यांचं मनगट धरलं.

‘कुठली खाट?’ तिनं विचारलं.

तीस वर्षं ज्या सुरात ती वॉर्डात विचारायची त्याच सुरात. मामांना वाटलं होतं तिला ऐकू आलं नसेल. तिला ऐकू आलं होतं की नाही हे त्यांना कधीच कळलं नाही. कदाचित तिनं फक्त मुलाचा चेहरा वाचला असेल. पण त्या प्रश्नानं त्यांचा बांध फुटला. लहान पोरासारखे ते पलंगाच्या कडेला बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगून मोकळे झाले.

सगळं ऐकून झाल्यावर आई म्हणाली, ‘रिपोर्ट दे.’

‘आई...’

‘रिपोर्ट दे म्हणते ना.’

मामा सवयीनं उठून उभे राहिले. ‘खाट एकच. पुरुष. वय एक्क्याऐंशी. कमरेखाली हालचाल नाही. पाठीला दोन जखमा, डावीकडची मोठी. पाणी चमच्यानंच, पेल्यानं ठसका लागतो. उजव्या कुशीवर शांत पडतो. अंधाराला भीत नाही... दार लावल्याच्या आवाजाला भितो.’

यातलं निम्मंसुद्धा पोस्टमनांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

‘जेवलास का?’ आईनं विचारलं.

मामांनी मान हलवली. नाही.

‘झोप?’

नाही.

‘मग अशा माणसाकडे पेशंट ठेवायचा असतो का रे? आण तो नॅपकिन इकडे.’

मामांना काय होतंय ते कळलं आणि त्यांनी नॅपकिन दोन्ही हातांनी छातीशी धरला. म्हणाले, ‘तुला आराम पडावा म्हणून घर घेतलं गं मी. तू बेल वाजवायचीस आणि आम्ही उठायचं, एवढ्यासाठी घेतलं.’

‘ठाऊक आहे मला. पण तो म्हातारा वाट बघतोय ना कुणाची तरी. एकदा आपल्या घरातून ‘आलो’ गेलंय, मग कुणीतरी जायलाच हवं.’ तिला दम लागला होता, ती थांबली. ‘माझी खाट मागच्या खोलीत टाक.’

आईपुढे मामांचं आयुष्यात कधी चाललं नव्हतं, तेव्हा काय चालणार? तिची खाट त्या लोखंडी खाटेच्या शेजारी टाकली. तिनं स्वतःच्या हातानं भिंतीत खिळा ठोकला. पाच ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर विसावा. मग नॅपकिनची लांबट चौघडी घालून तो खिळ्यावर टांगला, आणि जरा वेळ त्याच्याकडे बघून हसली. सून म्हणाली, आई, वाकडा बसलाय खिळा. आई म्हणाली, बसू दे, माझ्या घरातला आहे.

त्या दिवसापासून मामांना घंटी ऐकू येईनाशी झाली. दुपारी चारला मागच्या खोलीतून आईचा आवाज यायचा, ‘आले रे बाबा, आले.’ मग हळू आवाजातलं बोलणं, चमचा पेल्याला लागल्याचा आवाज. मामी घाबरल्या, मामांनी त्यांना एवढंच सांगितलं की वयानं होतं असं, मनावर घेऊ नको. बोळातला वास गेला. आईला उठवत नव्हतं, तरी सकाळी शेजारच्या खाटेवरची चादर ताणून नीट घातलेली असायची.

पाच आठवड्यांनी ती गेली. भर दुपारी, उन्हात, एका अंगावर वळून. चेहऱ्यावर त्रास नव्हता. तिला न्यायची तयारी करताना खिळा रिकामा दिसला. मामींनी सगळं घर पालथं घातलं, पण तो निळ्या काठाचा नॅपकिन काही मिळाला नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. पुढच्याच आठवड्यात मामा चार वाजता एकटे स्वयंपाकघरात चहा गाळत होते. घंटी त्यांना ऐकू आली नाही, पण मागून दमलेला, ओळखीचा आवाज आला.

‘आले... आले.’

पाय घासटत चालण्याचा आवाज बोळातून गेला आणि खोलीचं दार लोटलं गेलं.

मामा गाळणं हातात घेऊन तसेच उभे राहिले. भीती वाटली नाही त्यांना. काळीज मात्र तुटलं. मेल्यावर तरी माणूस सुटतो म्हणतात. त्यांच्या आईला त्यांच्याच एका शब्दानं बांधून ठेवलं होतं, आणि तेही तिच्या स्वतःच्या घरात. ते रोज खोलीच्या दारात उभे राहून विनवायचे, आई, रिपोर्ट दे मला, नॅपकिन दे, मी घेतो. आतून उत्तर यायचं नाही. त्यांना जेवण जात नव्हतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि तिचा नियम त्यांना पाठ होता. अशा माणसाला ती देणार नव्हती.

आठ महिने असे गेले. माणूस किती दिवस झुरणार? शरीर आपलं आपण सावरतं, त्याला कुणी विचारत नाही. मामींनी सक्तीनं महिन्याची रजा घ्यायला लावली. हळूहळू मामा चार घास जास्त खायला लागले. त्या दिवशी मामी बहिणीकडे गेल्या होत्या, संध्याकाळी परतायच्या होत्या. त्यांनी करून ठेवलेलं मामा पोटभर जेवले आणि पुढच्या खोलीत आडवे झाले. कित्येक महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली.

झोपेच्या काठावर कुणीतरी विचारलं, जेवलास का रे?

‘हो,’ मामा म्हणाले.

झोप झाली?

‘झाली गं,’ ते पुटपुटले आणि कूस वळले.

आणि मग खडबडून उठून बसले. मामी त्यांना अहो-जाहो करायच्या. त्या घरात त्यांना ‘अरे’ म्हणणारं एकच माणूस होतं.

पायथ्याशी नॅपकिन ठेवलेला होता. लांबट चौघडी, निळा काठ वर. हात लावला तर ओला, आत्ताच कुणाचं तरी तोंड पुसल्यासारखा. मामांनी तो नाकाशी नेला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आई सुटली होती. तिनं रीतसर विचारून, रीतसर हातात देऊन ड्यूटी सोडली होती.

घंटी वाजली. मामांनी वाट पाहिली. मागच्या खोलीतून कुणी ‘आले’ म्हणालं नाही. घंटी थांबली आणि पुन्हा वाजली.

तेवढ्यात फाटक वाजलं. मामी लवकर परतल्या होत्या. पायरीवर चपला काढता काढता त्या थबकल्या, आणि वर्षभरात ज्यांना कधी काही ऐकू आलं नव्हतं, त्या मामींनी दारातूनच विचारलं, ‘अहो, घंटी कसली वाजतेय आत? थांबा, मीच बघ...’

‘आलो!’ मामा ओरडले. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या पोस्टमनांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

याला आता सहा वर्षं झाली. मामा निवृत्त झाले. त्याच घरात राहतात, कुठे गावाला जात नाहीत, दुपारी चारला तर मुळीच नाही. तब्येत बरी आहे. मामींची एकच तक्रार असते, ती त्या येईल-जाईल त्याला हसत हसत सांगतात. म्हणतात, माणूस देवासारखा, औषधापासून गरम पाण्यापर्यंत माझं सगळं बघतात. पण सहा वर्षांत मी जेवले का, हे एकदा म्हणून विचारलं नाही.